अण्णांचा वन्स मोअर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशकात नवसंगीत आलं आणि नेमकं आमच्याच घरात शिरलं. सातपूरच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या माझ्या दादाला नोकरी सोडून संगीतकार व्हायचं होतं. आमचे वडील, अण्णा, कांद्याचे व्यापारी. "आधी ऐकतो, मग राजीनाम्याचं बोलू," एवढंच ते म्हणाले. आईनं देव पाण्यात ठेवले.

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता: दोन व्हायोलिनं, त्यांचीच थोरली भावंडं व्हिओला आणि चेलो, ती वाजवणारे चौघं आणि दादासकट तीन 'प्रयोगशील रचनाकार'. आधी अर्थातच दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. पाहुणे म्हणून आलेले नगरसेवक संगीतावर बोलता बोलता गटारांवर घसरले. त्या संध्याकाळी सगळ्यांना कळलं ते तेवढंच.

दादाची रचना शेवटी होती. एकजण तारेवर गज खरडायचा, दुसरा लाकडावर टिचक्या मारायचा, मग चौघंही थांबून एकमेकांकडे रागानं बघायचे. दादाचं लक्ष माझ्याकडे, म्हणून मी मान डोलवत होते. ताल नसताना मान डोलवणं किती अवघड असतं ते एकदा करून बघा. शेजारची आत्या हळूच म्हणाली, "पोरगं चांगलं होतं गं."

अर्ध्या तासानं सुटकेच्या टाळ्या पडल्या. लोक उठले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून लिलावात कमावलेला आवाज आला, "वन्स मोअर!"

अण्णाच! नाटकातलं पद पाच मिनिटांचं असतं, तिथे हे शोभतं. पण ही मंडळी रसिकांच्या मागणीला भुकेली होती. त्यांनी दादाची अख्खी रचना पहिल्यापासून पुन्हा वाजवली. नगरसेवकांना तातडीचं काम आठवलं. बघता बघता हॉल ओस पडला, उरलो आम्ही घरचे. आई पदरानं डोळे टिपत होती आणि अण्णा डोळे मिटून स्वस्थ बसले होते. मला भयंकर संताप आला.

बाहेर आल्यावर मी दादासमोरच भडकले, "अण्णा, त्याची थट्टा करायची होती तर घरी करायची!"

"थट्टा कशाची? एक गोणी बघून माल घेतो का मी? दुसरी ओतायला लावली. मला वाटलं, मनाला येईल ते वाजवतायत. पण दोन्ही वेळेला तेच! टिचक्यासुद्धा तिथल्या तिथंच. म्हणजे चुकून होत नाय, मेहनत हाय."

अण्णांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला.

"दे राजीनामा. फक्त तिसरी गोणी मला दाखवू नको."