तीन रंगांचे रांजण

जिच्यावर अन्याय झाला ती अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठच्या वस्तीत राहणारी एक विधवा बाई आहे. अन्याय झाला एकोणीसशे त्रेसष्टच्या एप्रिलात, एका रविवारी भर दुपारी, आणि तो झाला राष्ट्रीय एकात्मतेच्या सभेत. नाव लिहू नको असं तिनंच मला बजावलंय. "नाव छापलं का लोक नावाच्याच मागं लागतात, कामाचं राहूनच जाते." म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव नाही.

मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होतो. घर अमरावतीचं, भाजीच्या मळ्यावरचं. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती आणि जिकडेतिकडे एकीच्या सभा चालल्या होत्या. आमच्या मंडळाची पत्रकं मी लिहायचो. 'आपण सगळे एक' या मथळ्याचं पत्रक मी जुन्या शहरात दारोदार वाटलं, तेव्हाच तिची माझी ओळख झाली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्यांतलं तिचं घर. ती चौथी शिकलेली. पत्रक तिनं उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "सभेत पानी कोन भरून राहिलं?"

पाण्याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. अकोल्याचा एप्रिल, शाळेचं उघडं मैदान, आणि आम्ही ठरवलं होतं फक्त कोण किती वेळ बोलणार ते.

सभेचे अध्यक्ष म्हणजे त्याच शाळेचे मुख्याध्यापक. मी तिला त्यांच्याकडे नेलं. शाळेत पाणीवालीची जागा रिकामी होती, हे तिला ठाऊक होतं. पगारी जागा, सावलीतलं काम. तोवर ती जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची आणि घशात तंतू जाऊन रात्रभर खोकायची. मुख्याध्यापक भला माणूस. म्हणाले, "सभेचं पाणी सांभाळ बाई. नीट झालं तर जूनपासून शाळेत ये."

"नीट म्हंजे कसं, गुरुजी?"

"म्हणजे कुणाची तक्रार नको."

ती खुशीत निघाली. वाटेत मला म्हणाली, "पान्याची काय तक्रार राहते रे बापा? खारं असलं तं नळाची, गरम असलं तं सूर्याची."

आता मंडळाची अक्कल ऐका. पाण्याला तीन मोठे रांजण आणले. कुणीतरी सुचवलं, झेंड्याचे रंग द्या, सभेला शोभा येईल. सगळ्यांना पटलं. एकाला गेरूत पिवळा कालवून केशरी केला, एकाला चुना फासला, एकाला हिरवा रंग. कडुनिंबाच्या सावलीत एकच मावत होता, तिथं केशरी ठेवला. बाकीचे दोन्ही उन्हात, ओलं गोणपाट गुंडाळून. सकाळी लोक यायच्या आत तिनं नळावरून हंड्यामागून हंडा आणून तिन्ही काठोकाठ भरले.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही, हे मी शपथेवर लिहितो. पाटी नव्हती, दोरी नव्हती. पहिला आला तो धान्यबाजारातला एक अडत्या. त्यानं सरळ केशरी रांजणातून पाणी घेतलं. त्याच्या मागून त्याच्या ओळखीचे. फळबाजारातले मुसलमान बागवान हिरव्याशी थांबले. आमच्या बाईच्या वस्तीतले लोक पांढरी धुतलेली कापडं घालून आले होते, त्यांना पांढरा. पहिलं भाषण संपेस्तोवर मैदानात तीन रांगा झाल्या. मुख्याध्यापक व्यासपीठावरून माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पाहिलंस? आपोआप शिस्त लागली. किती छान दिसतंय!"

छान! एकतेवर भाषण चाललंय आणि तहानलेली माणसं जातीधर्मानुसार उभी आहेत, आणि सभेचा अध्यक्ष त्याला छान म्हणतोय.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. पहाटेपासून पाणी वाहून तिला घेरी येत होती. पदरानं तोंड पुसत ती आली, कडुनिंबाखाली गेली आणि केशरी रांजणात ओगराळं बुडवलं.

अडत्या तिथंच बसला होता. तो ओरडलाही नाही, समजावल्यासारखं म्हणाला, "ए बाई, तुमचं ते पांढरं हाय ना?"

"पांढरं उन्हात हाय, भाऊ. हे थंड हाय."

"अवं पन हे आमचं हाय."

"तुमचं? हे भरलं कोनं मंग?"

"कोनं?"

"म्याच. हे बी अन् ते दोन बी. सकायपासून तुमी काय पिऊन राहिले?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. अडत्याचा चेहरा उतरला. तीन पेले पोटात गेले होते. त्यानं उठून रांजण दोन्ही हातांनी कलंडला. ओगराळं तिच्या हातातच राहिलं. पाणी तिच्या पायांवरून वाहत गेलं आणि काळ्या मातीच्या भेगांत पार जिरलं. एवढी माणसं होती, कुणी त्याचा हात धरला नाही. मी व्यासपीठाजवळून धावत आलो तोवर रांजण रिकामा झाला होता.

हिरव्या रांजणाशी उभा असलेला एक म्हातारा बागवान पेला भरून घेऊन आला. "ले बेटी, ये पी ले. अपना ही है."

"तुमचं बी नोको, चाचा," ती म्हणाली. "मले कोनाचंच नोको. मले पानी पायजे."

म्हातारा पेल्यातलं पाणी स्वतःही प्यायला नाही आणि फळांची टोपली उचलून सभेतून निघून गेला.

अडत्या कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसला होता. त्याला सुनावायला मी गेलो, तर तो पुटपुटत होता, "घरी मायले काय सांगू? बुढी मले चुलीपाशी येऊ देनार नाई." पन्नाशीचा माणूस आईच्या धाकानं घामाघूम झाला होता. त्याची कीव आली मला, आजही येते. पण कीव आली म्हणून त्यानं केलं ते कमी होत नाही.

मुख्याध्यापक बाईपाशी आले. हळूच म्हणाले, "झालं ते झालं. तू गुपचूप पुन्हा भरून टाक, कुणाजवळ बोलू नको."

"भरतो, गुरुजी. पन इथंच पेईन. मंग भरू?"

ते व्यासपीठाकडे पाहू लागले.

"अन् शाळेचं?"

"बाई, आता पालकांचंही पाहावं लागेल ना. तक्रार तर आलीच."

तिनं हंडा कमरेवर घेतला. माझ्याजवळून जाताना थांबली. "तुह्या कागदात 'आपण सगळे' लिवलं हाय. म्या वाचलं. त्या सगळ्यात पानी भरनारी येते का नाई, तेवढं एक डाव लिहून टाक ना बापू."

सायंकाळी सगळ्यांनी उजवा हात पुढं करून एकतेची शपथ घेतली. केशरी रांजण रिकामाच होता. ती तेव्हा सभेत नव्हती.

जूनमध्ये पाणीवालीची जागा दुसऱ्या बाईला मिळाली. मी जाब विचारायला गेलो, तर मुख्याध्यापक डोळे वर न करता म्हणाले, "ती फार बोलते रे." ते खोटारडे नव्हते, भित्रे होते. तिच्या नावाला हरकत घ्यायला आलेला एकही पालक ते मला दाखवू शकले नाहीत. न आलेल्या पालकांच्या भीतीनं एका बाईची भाकरी गेली. ती अजून जिनात जाते. खोकला वाढलाय. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "जागा पुन्हा निघाली का सांगजो. म्या अर्ज करीन. बोलनं तं काही कमी होनार नाई."

तिनं मागितलं ते मी आता लिहितो. 'आपण सगळे' यात पाणी भरणारी येते. ती येत नसेल तर तो मथळा खोटा आहे आणि आमची सभाही खोटी होती.

हे वाचणाऱ्या माणसा, सीमेवर कोण चालून आलं याची काळजी तू करतोस, कर. पण उद्या सकाळी आधी तुझ्या पोराच्या शाळेत जा. पाणी कोण भरतं ते विचार. एखाद्या बौद्ध बाईला, मुसलमान बाईला ते काम कधी दिलं का, विचार. नाही म्हणाले तर कारण विचार. आणि 'पालकांची हरकत आहे' असं उत्तर आलं, तर तिथंच उभा राहून मोठ्यानं सांग, मी पालक आहे आणि माझी हरकत नाही.