लोणच्याच्या दोन बरण्या

चौक गावच्या टपाल कचेरीच्या ओट्यावर एक पत्रलेखक बसायचा. निरक्षरांची पत्रं लिहायचा, आलेली वाचून दाखवायचा आणि प्रत्येक पत्राची नक्कल वहीत उतरवायचा. लोक हसले की टाक पुसत म्हणायचा, "कागदाला जोडीदार पायजे."

एकदा कडावची एक मावशी होणाऱ्या व्याह्यांना घेऊन आली. लेकीला लग्नानंतर शाळेत शिकवू देऊ, असं त्यांनी पत्रात कबूल केलं होतं. तिनं इथंच वाचून घेतलेलं ते पत्र वाळवीनं खाल्लं, आणि आता व्याही फिरले होते. टपालाची तिकिटं घ्यायला आलेला मी ती विसरून तिथंच उभा राहिलो.

पत्रलेखकानं वहीतली नक्कल खणखणीत वाचली.

"हे तुजंच अक्षर," व्याही म्हणाले. "मी असलं काय लिवलंच नाय."

"ऱ्हायलं," पत्रलेखक म्हणाला. "पत्राच्या खाली करवंदाच्या लोणच्याची एक बरणी मागितलीय."

"एक कुटं? दोन मागितल्या व्हत्या!"

ओटा हसून लोटपोट झाला. पत्रलेखकानं वही शांतपणे सगळ्यांपुढं फिरवली. तिथं दोनच होत्या. त्यानं मुद्दाम एक वाचली होती.

मग त्यानं ते पत्र कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं आणि व्याह्यांची सही घेतली. मावशीनं कागद घ्यायला हात पुढं केला.

"थांब गं," तो म्हणाला आणि वहीचं नवं पान उघडलं. "आदी नक्कल."