साडेसोळाचं ॲव्हरेज

आता हे कुठल्या तोंडानं सांगू, पण गाडी घेताना मी जो घोळ घातला तो माझ्याकडूनच ऐकलेला बरा. आमच्या सिंदीत दुसऱ्या कुणाकडून ऐकाल तर त्यात पेट्रोल अजून दोन लिटर वाढलेलं असेल.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. माझी लेक मनू साडेतीन वर्षांची, आणि तिला दमा. कापसाचा हंगाम आला की आमच्याकडे जिनिंगमधली रुई हवेत तरंगते, आणि रस्त्यावर बैलबंड्यांची धूळ. वर्ध्याच्या डॉक्टरांकडे स्कूटरवर नेईपर्यंत तिची छाती भात्यासारखी चाललेली असायची. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "हिला धुळीतून आणता कशाला?" मी ओढणीची गाठ सोडत राहिले.

म्हणून गाडी घ्यायची ठरली. पण कोणती?

आमच्या यांचं बी-बियाण्यांचं दुकान. यांचा डोळा एका ताडपत्रीच्या जीपवर. "डिझेलवर चालते, ॲव्हरेज चांगलं देते, मांगं खताचे पोते बी बसते."

"आणि मनू?"

"ते बी बसन."

"ताडपत्रीतून धूळ येते ना हो."

"धूळ कुठं नाई येत?"

यावर आमची तीन भांडणं झाली. माझं मन यांच्या ओळखीतल्या, सेलूच्या बबनभाऊंच्या गाडीत अडकलेलं. पांढरी, लांबलचक, पेट्रोलची. काचा अशा बसायच्या, की डब्याचं झाकण. दोष एकच, पेट्रोल फार प्यायची. बबनभाऊ स्वतःच म्हणायचे, "हत्ती पोसून राह्यलो मी." म्हणूनच विकायला काढली होती.

आमच्याकडे गाडी कुणाचीही असो, पहिला प्रश्न एकच. लिटरला किती देते? ब्रेक लागतात का, हे नंतर, वेळ उरला तर.

एका रविवारी हे म्हणाले, "भाऊची गाडी पाहून तं घेऊ. सेलूच्या पंपावर टाकी फुल करू, बोर धरणापर्यंत जाऊन येऊ, आन् तिथंच पुन्हा फुल करू. जितकं बसन तितकं जळलं."

गाडी नऊ देणार हे सगळ्या सेलूला माहीत. नऊ आलं की जीप आली. मी बीएस्सी झालेली बाई. कॅलेंडरच्या मागं गणित मांडलं. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. मधे कुणी गुपचूप सव्वा लिटर ओतलं, तर शेवटी पंपावर तेवढं कमी बसतं आणि नऊच्या जागी बारा येतात. बारा म्हणजे फार लबाडी नाही, थोडी माया आहे, असं मी स्वतःला समजावलं.

स्कूटरसाठी घरात अडीच लिटरची कॅन असायची. ती भरून, नरसाळ्यासकट, भाऊंच्या गाडीच्या डिक्कीत, पुऱ्यांच्या पिशवीखाली ठेवली. नुसत्या धुळीनं जिला धाप लागते, त्या पोरीला घेऊन मी डिक्कीत पेट्रोल नेत होते. आई म्हणून माझी अक्कल किती, ते इथंच समजून घ्या.

वाटेतलं हिंगणी गाव मागं पडलं, धरण आलं. हे मनूला कडेवर घेऊन पाणी दाखवायला गेले. "चावी द्या, पुऱ्या काढते," मी म्हणाले.

टाकीचं झाकण उघडलं, नरसाळं लावलं, कॅन तिरपी केली. अर्धीच ओतायची होती. तेवढ्यात तिकडे मनू खोकली. ती खोकली की मला दुसरं काही दिसत नाही. मान वळवून बघत राहिले, ती शांत झाली तेव्हा भानावर आले. कॅन रिकामी.

पुऱ्या खाताना यांनी घास थांबवून पुरी हुंगली. "तेल बदललं का?"

"हो, नवीन आहे."

दुसरी पुरी यांनी घेतली नाही.

परत आलो तर पंपावर बबनभाऊ उभेच. पंपवाल्यानं नळी लावली, आकडे फिरले आणि तीन लिटरवर थांबले. "फुल झाली."

"पुन्हा पाह्य," हे म्हणाले.

"भाऊ, वरून सांडून राह्यलं. अजून कुठं टाकू?"

यांनी हातावर पेनानं भागाकार केला, पुन्हा केला. "साडेसोळा."

बबनभाऊंनी यांचा हात स्वतःकडे ओढून आकडा वाचला. मग गाडीकडे गेले आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"विलास," ते म्हणाले, "नाई विकत आता मी."

"काऊन?"

"साडेसोळा देणारी गाडी कोन विकते? आमचा ड्रायवरच पेट्रोल चोरत असन इतके दिवस. त्याले पाह्यतो आता."

म्हणजे गाडी गेली, आणि एका निरपराध माणसाची नोकरीही जाणार. यांच्या कडेवर मनूला धाप लागली होती. पंपासमोरून एक ट्रक गेला, धुळीत ती दोघं क्षणभर दिसेनाशी झाली. तेवढ्यानं माझा धीर सुटला.

"भाऊ, अडीच लिटर मी टाकलं. धरणावर. ड्रायव्हरला काही बोलू नका."

पंपवाला नळी हातात धरून माझ्याकडे बघत होता.

हे हळूच म्हणाले, "काऊन टाकलं?"

"नऊ आलं असतं तर तुम्ही जीप घेतली असती."

"जीप तं मी तुह्या दुसऱ्याच भांडणात सोडली. पोरीसाठी हेच घ्याची होती."

"मग हे मोजमाप कशाला?"

"नऊ आलं असतं तं भाऊले म्हटलं असतं, पाहा, इतकं पेते, भाव कमी करा."

"मला सांगायचं ना."

"तुले सांगतलं असतं तं तुह्या तोंडावरून भाऊले समजलं असतं."

बबनभाऊंनी बॉनेटवरचा हात काढला आणि चावी यांच्यापुढे धरली. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला होता.

"घेऊन जा विलास, गाडी तुहीच. पन भावाचं आता काही बोलू नको. जे बाई चोरून पेट्रोल टाकते गाडीसाठी, तिच्या नवऱ्याले मी एक रुपया तरी काऊन सोडू?"