लाल फुली

चाकणच्या कंपनीत माझं काम माल तपासायचं होतं, म्हणजे पगार घेऊन संशय घ्यायचा. पत्र्यावर लाल फुली मारली की तो भंगारात, पिवळी मारली की रिवर्कला, म्हणजे दुरुस्त करून परत घ्यायला. लाल फुलीचा माल पिवळ्यात घ्यायचा तर फुली मारणाऱ्याचीच सही लागायची. रिटायर झालो तरी खोड गेली नाही. वांगी घेतानाही मी देठ उलटसुलट करून बघतो.

त्यामुळे गेल्या महिन्यात माझ्या कंपनीतल्या जोडीदाराच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबांच्या सिनेमावर प्रदर्शन केलंय, तुम्ही यायलाच पाहिजे," तेव्हा मला पहिली शंका आली ती त्या 'च'ची. यायलाच कशाला?

जोडीदार माझ्याच शिफ्टला पत्रा कापायच्या प्रेसवर होता. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. त्याला एक सिनेमा काढायचा होता. चाकणच्या पत्र्याचं यान पार मंगळापलीकडं जातं, आणि तिथं शिफ्टचा भोंगाच नसतो. सिनेमा निघाला नाही तो नाहीच. जेवणाच्या सुट्टीत तो तपासणीच्या जुन्या रिपोर्टांच्या पाठीवर यानाची चित्रं काढायचा. एकदा त्यातलं सगळ्यात मोठं चित्र त्यानं माझ्यापुढं धरलं.

"बघ की भावा. पास का?"

मी खिशातला मार्कर काढला आणि चित्रावर लाल फुली मारली. अख्खं टेबल हसलं. तोही हसला. पण त्यानंतर त्यानं मला एकही चित्र दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

चोराच्या मनात चांदणं. पोरीला तो कागद सापडला असणार, चारचौघांत माझी हजामत करायला बोलावलंय, असं धरूनच मी पिंपरीतल्या त्या जुन्या शेडमध्ये शिरलो.

आत दोन पुरुष उंचीचं यान उभं होतं, प्रेसमधून उरलेल्या भोकाभोकांच्या पत्र्याचं. सवयीनं मी कडेवरून बोट फिरवलं. कडा नीट घासल्या नव्हत्या. आणि यानाच्या पोटावर ही भलीमोठी लाल फुली. लोक तिच्यापुढं उभं राहून सेल्फी काढत होते.

"हे परग्रहावरच्या लोकांचं निशाण," मुलगी एका पाहुण्याला सांगत होती. "सगळ्या चित्रांत बाबांनी तेवढंच लाल काढलंय."

मुद्दाम मला ऐकवतेय, असंच वाटलं. पाहुणा गेल्यावर मी म्हणालो, "ते निशाण नाही. तुझ्या बाबांचा सिनेमा मी रिजेक्ट केला होता. ती माझी फुली आहे."

"तुमची?" तिनं विचारलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. मग तिनं आतून मूळ कागद आणला.

"आणि हे पिवळं? मला वाटलं, डब्यातला रस्सा सांडलाय."

रस्सा नव्हता. माझ्या लाल फुलीशेजारी त्यानं पिवळी फुली मारली होती. खाली पट्टीनं ओढलेली एक रेघ. सहीची. रेघेवर काही नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो, तो रुसलाय. डोळे भरून आले म्हणून मी कागद तोंडाजवळ धरला, तपासतोय असं दाखवत.

मग पेन मागितलं.

"काका, मूळ कागद आहे हा," ती पेन मागं घेत म्हणाली.

मी कागद उलटा केला. मागच्या रिपोर्टावर, तपासणाऱ्याच्या जागी, माझीच सही होती. ती तिनं दोनदा वाचली आणि पेन दिलं.