बिल्ल्यावरचा आजोबा

लवू घाडी गेल्या श्रावणात अठ्ठावन्नाचा झाला. भांडुपला पंपाच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. कांजूरमार्गला दोन खोल्यांचं घर, बायको वनमाला, लग्नाला आलेली मुलगी जान्हवी. बोलायला फटकळ, पण बिल्डिंगमध्ये कुणाचा नळ गळायला लागला की पहिली हाक त्यालाच.

वडील, भागोजी, वारले तेव्हा बाराव्याला गुरुजींनी नावं विचारली.

"भागोजींचे वडील?"

"सोनू."

"आजोबा?"

"बाबाजी."

"पणजोबा?"

लवूला ते नाव ठाऊक नव्हतं. मागे बसलेले मेहुणे, शेजारी, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. गुरुजी समजूतदार होते. म्हणाले, "नसेल ठाऊक तर देवाचं नाव घेऊन पुढे जाऊ." काम उरकलं. पण लवूच्या मनाला ते लागलं. बापाच्या पिंडाजवळ एक जागा आपण रिकामी ठेवली, असं त्याला वाटत राहिलं.

घरात आजोबांचा म्हणून एक गिरणीचा पितळी बिल्ला होता आणि हजेरीचं एक जुनं कार्ड. त्यावर लिहिलं होतं, सोनू बाबाजी घाडी, मुक्काम आडवणे, तालुका मालवण. आजोबा त्या गावी कधी गेले नव्हते. भागोजींनाही नेलं नव्हतं. "गावात आपलं कोण उरलं नाय," एवढंच सांगायचे. आजी गिरणीत सूत गुंडाळायच्या, वाइंडिंग खात्यात कामाला होती, ती लहानपणीच पोरकी झालेली. त्यामुळे तिच्याकडूनही काही कळायची सोय नव्हती.

मार्गशीर्षात लवू एकटाच निघाला. आडवण्यात घाड्यांचं घर शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मार्तंड घाडी नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. लवूने पिशवीतून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं, पुन्हा वाचलं.

"ह्यो माझो आजो," मार्तंड म्हणाले. "तुका खंय गावला ह्या?"

लवू चटकन त्यांच्या शेजारी टेकला. म्हणजे आपण भाऊच! पण मार्तंड हसले नाहीत.

"सोनू बाबाजी मुंबैत नाय रवलो. छातीच्या दुखण्यान गावाक इलो आणि वर्साभरात गेलो. हयच, ह्या पडवीत. पंचेचाळीस साली."

"शक्य नाही," लवू म्हणाला. "माझे आजोबा अठ्ठ्याहत्तरला गेले. मी बारा वर्षांचा होतो. मी खांदेकऱ्यांच्या मागून चाललोय."

मार्तंडांनी सुनेला हाक मारून आतून एक पोस्टकार्ड आणायला सांगितलं. मग हळूहळू सगळी हकिगत सांगितली. सोनू आजारी पडून गावी निघाला तेव्हा त्याची गिरणीतली जागा जाऊ नये म्हणून खानावळीत ओळख झालेल्या एका पोराला त्याने आपला बिल्ला दिला. तू माझ्या नावावर उभा राहा, मी आलो की परत दे. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, ठाऊक होतं, त्याने डोळेझाक केली. सोनू परत गेलाच नाही.

पोस्टकार्ड सोनूच्या बायकोला आलेलं होतं. वहिनी, दुःखाची बातमी कळली. मला त्याने भावासारखं सांभाळलं. आता काय करू ते समजत नाही. आणि खाली सही होती, सोनू बाबाजी घाडी.

"आजयेक तां वाचून दाखवल्यानी तेवा ती किंचाळली म्हणतत," मार्तंड म्हणाले. "घोवाच्या मरणाचा पत्र, आणि खाली घोवाचीच सही."

"आणि त्याचं नाव? त्या पोराचं खरं नाव?"

"तां कोणाक म्हायत? घाटावरचो होतो की गोंयकार, तांय ठावक नाय."

लवूला तिथेच आठवलं, आजोबांना "सोनू" म्हणून हाक मारली की ते दुसऱ्या हाकेला ओ द्यायचे. मागांच्या खडखडाटाने कान गेलेत, असं सगळे म्हणायचे.

एक नाव आणायला गेला होता, सोनू आणि बाबाजी ही होती ती दोनही तिथे ठेवून आला.

घरी सांगितल्यावर जान्हवीने आधी ते हसण्यावारी नेलं. "बाबा, तू थुंकीची टेस्ट कर. ऑनलाइन मिळते. सगळं खानदान बाहेर येतं." तिने स्वतःच मागवली. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. नकाशावर पश्चिम किनाऱ्याचा एक भलामोठा पट्टा रंगवलेला, आणि खाली, जवळचे नातेवाईक आढळले नाहीत. लवूने मोबाइल तिच्या हातात परत दिला.

वनमाला मात्र हसली नव्हती. चार दिवस गेले. मग एका सकाळी देवपूजा करता करता म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा माझ्या माहेरची देवी मागे ठेवून आले. छत्तीस वर्षं तुमची कुलदेवी म्हणून हिची ओटी भरली. ती कोणाची भरली हो मी?"

 लवू चिडून म्हणाला, "मला काय विचारतेस? मी मुद्दाम केलं का?" दोघांत इतकं कडू भांडण कधीच झालं नव्हतं.

पोस्टकार्डावर खानावळीचं नाव होतं, यमुनाबाईंची खानावळ. लवू लालबाग-परळला पंधरा-वीस खेपा घालून आला. खानावळ कधीच बंद झाली होती. ती होती त्या चाळीच्या जागी टॉवर होता, वॉचमन आत सोडत नव्हता. शेवटी एका म्हाताऱ्या न्हाव्याने सांगितलं, यमुनाबाईंची मुलगी मुलुंडला असते, सुलक्षणा. आहे अजून.

सुलक्षणाबाई शहाऐंशीच्या होत्या. गुडघे गेलेले, पण बोलणं खणखणीत. मुलाने चहा आणून दिला. त्यांना सोनू चांगला आठवत होता.

"दोन सोनू होते ना! एक खरा, आणि एक बिल्ल्यावरचा. बिल्ल्यावरचा माझ्यासाठी गोळ्या आणायचा. फार गरीब पोर. आधी त्याला सगळे नुसतं पोऱ्याच म्हणायचे."

लवू खुर्चीच्या कडेवर सरकून बसला. "त्याला पत्रबित्र यायचं का हो कुठून?"

"यायचं की. दर दिवाळीला. त्याच्या आईचं. माझी आई वाचून दाखवायची, हा कोपऱ्यात बसून रडायचा. पण सोनूच्या नावावर लागल्यावर घाबरला. गिरणीत कळलं तर पोलिसात देतील म्हणायचा. आईला म्हणाला, मावशी, आता माझ्या नावाचं पत्र आलं तर घेऊ नका. असा माणूस इथे राहत नाही म्हणून सांगा."

"मग?"

"आई चुलीजवळ असायची. पोस्टमन आला की दारात मीच जायचे. मीच सांगायचे त्याला, हा माणूस इथे नाही. तीन दिवाळ्या परत पाठवलं. चौथ्याला आलंच नाही."

लवूने चहाचा कप खाली ठेवला. "बाई, पत्रावर नाव काय होतं? गाव? काहीही. पहिलं अक्षर तरी."

सुलक्षणाबाईंनी डोळे मिटून घेतले.  मुलगा म्हणाला, "आई, नसेल आठवत तर—"

"आठवायचं काय," त्या म्हणाल्या. "मी सहा-सात वर्षांची. शाळेत अजून घातलं नव्हतं. मला वाचता येत नव्हतं. पोस्टमन नुसतं पत्र पुढे करायचा. त्याची पत्रं तेवढी जांभळ्या शाईची असायची, म्हणून मला ओळखू यायची."

लवूने त्यांना नमस्कार केला आणि निघाला. घरी पोचला तेव्हा तीन वाजून गेले होते. वनमाला जेवायची थांबली होती. त्याने सगळं सांगितलं. मग विचारलं, "आजोबांच्या आईला काय वाटलं असेल गं? पोरगा मेला असं, की टाकून गेला असं?"

वनमालाने ताट पुढे केलं. "जेवून घ्या," ती म्हणाली. त्याने दोन घास खाल्ले आणि हात धुतला.

पुढच्या माघात जान्हवीचं लग्न ठरलं. पत्रिकेवर कुलदेवता कोण लिहायची, मुलाकडच्यांनी विचारलं. लवू म्हणाला, तुम्हाला हवं ते लिहा. वनमालाने शेवटी गणपती लिहायला सांगितलं. मार्तंडांचा आडवण्याच्या जत्रेच्या आधी दोनदा फोन आला, बहुतेक आमंत्रणाचाच. समोर नाव दिसत होतं. लवूने तो वाजू दिला.

आता तो कुणाला काही विचारत नाही. नळ दुरुस्तीलाही बोलावलं तर कंबर धरलीय म्हणतो. दुपारभर खिडकीशी बसून असतो. जान्हवी सासरहून फोन करते, "बाबा, काय करतोयस?" तो म्हणतो, "काही नाही. बसलोय."