पिवळ्या अक्षरांची हिरवी पाटी

रविवारी सकाळी, बदलापूरला हेंद्रेपाड्यात, आमच्याच सोसायटीच्या गेटवर माझं डोकं फिरलं. आज मंगळवार, अजून ठिकाणावर आलेलं नाही… म्हणून इथे लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते. आमच्या बी विंगमधल्या भोईर दादांनी मागे एक मोठी इलेक्ट्रिक गाडी घेतली. एका फ्लॅटच्या किमतीची, वर काचेचं छप्पर, सीट म्हणे पाठीला मसाज करते. तेव्हापासून दर रविवारी गेटजवळ पुरुषमंडळींची परिषद भरते आणि विषय एकच… कुठली इलेक्ट्रिक गाडी जास्त भारी.

काही सेकंदांत शंभरचा स्पीड, एका चार्जमध्ये पार कोकणात… आता बदलापुरात शंभरचा स्पीड पकडायला रस्ता कुठे आहे, हे कोणी विचारत नाही. एकदा गप्पांची गाडी परदेशी इलेक्ट्रिक पिकअपवर आली. भलीमोठी, मागे उघडा हौदा, मोबाईलवर फोटो बघूनच सगळे खूश.

माझे पप्पा बाजूलाच उभे होते. ते वीस वर्षं पिकअप चालवतात. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमधून सोफे, कपाटं उचलायची आणि अंबरनाथ-बदलापूरच्या घराघरांत पोचवायची, हे त्यांचं काम. त्यांनी सहज विचारलं, हौद्यात माल किती बसतो?

सगळे हसले. सेक्रेटरी म्हणाले, ती माल भरायची गाडी नाही, शौकाची आहे. या माणसाचा एल शेपचा सोफा माझ्या पप्पांनी जिन्याने चौथ्या मजल्यावर चढवलाय… आणि तो हसत होता.

पप्पांची डिझेल पिकअप आता थकलीय. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्या सेठने सांगितलं, इलेक्ट्रिक घ्या, रोजचं काम तुम्हालाच देतो. पण त्यासाठी घरी चार्जिंग हवं. नाहीतर रोज चार्जिंग स्टेशनवर नंबर लावून दोन-तीन तास बसायचं, आणि तोपर्यंत सेठ दुसऱ्या गाडीवाल्याला फोन करून मोकळा.

आमच्या सोसायटीत जुना नियम आहे, पिवळ्या नंबरपाटीची, म्हणजे धंद्याची गाडी आत आणायची नाही. त्यामुळे आमची पिकअप कायम बाहेर, नाल्याच्या कडेला. भोईर दादांसाठी चार्जर बसला तेव्हा सेक्रेटरींनी नवा ठराव केला, आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला टाइप करून घेतला माझ्याकडूनच. हिरव्या पाटीच्या प्रत्येक गाडीला आत पार्किंग आणि चार्जिंगचा हक्क राहील… शब्द त्यांचे, टायपिंग माझं.

हिरवी पाटी म्हणजे भोईरांची गाडी, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण इलेक्ट्रिक पिकअपची पाटीही हिरवीच असते. फक्त तिच्यावरची अक्षरं पांढरी नसतात, पिवळी असतात.

तर रविवारी पप्पा नवी इलेक्ट्रिक पिकअप घेऊन आले. डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी आई पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरून बसलेली. वॉचमनने हिरवी पाटी बघितली आणि सरळ गेट उघडलं.

सेक्रेटरी धावतच आले. अक्षरं पिवळी आहेत, म्हणजे गाडी धंद्याची, बाहेर घ्या. मी ग्रुप उघडून त्यांचाच ठराव त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. तर म्हणे शब्द धरून बसू नकोस, भावना समजून घे, सोसायटीचं एक स्टँडर्ड असतं…

कसलं स्टँडर्ड? तुमच्या घरातला सोफा काय उडत आला होता का? हे मी मनात नाही, त्यांच्या तोंडावर बोलले. आई पेढ्यांचा बॉक्स घेऊन तशीच गाडीत बसून होती, ते बघून तर माझा पारा जास्तच चढला होता.

शेवटी भोईर दादाच मध्ये पडले. त्यांची गाडी आठवडाभर उभीच असते, दोन दिवस चार्जर मिळाला तरी पुरे, बाकीचे दिवस काकांना वापरू दे, असं ते म्हणाले. ते कमिटीला मानावंच लागलं. पण सेक्रेटरींनी जाता जाता अट घातलीच… पिकअप आत उभी असेल तेव्हा तिच्यावर कव्हर पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको.

आणि पप्पा चक्क "चालेल" म्हणाले.

घरी आल्यावर मी पप्पांवरच भडकले. का ऐकून घेता, गाडी काय चोरीची आहे का, वाट्टेल ते बोलले. ते शांतपणे चपला काढत होते.

"अगं, तू पण कॉलेजला असताना सांगायचीस ना, गाडी गेटपर्यंत आणू नका, वळणावरच सोडा म्हणून," ते म्हणाले. "नाही आवडत लोकांना अशी गाडी. त्यात काय एवढं?"

टोमणा नव्हता हो… खरंच नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. बाथरूमचं दार लावून मी नळ सोडला आणि रडले.

सेक्रेटरींवरचा राग गेलेला नाही. कव्हरची ती अट पुढच्या मीटिंगमध्ये मी काढायलाच लावणार आहे. पण त्यांनी एका सकाळी जे सांगितलं, ते मी तीन वर्षं रोज माझ्या बापाला सांगत होते आणि तो निमूट ऐकत होता, हेही इथे लिहून ठेवते.

काल ऑफिसला जायला मी पिकअपमध्ये बसले. अंबरनाथ पूर्वेला, ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर पप्पांनी गाडी हळू केली आणि विचारलं, "इथेच सोडू ना?"

"नाही पप्पा. गेटसमोर घ्या."

गेटवर आमच्या ऑफिसचे सगळे चहा पीत उभे होते… मी सावकाश उतरले.