शून्य तक्रारींची बराक

तुरुंगातल्या तीन नंबर बराकीच्या शिपायांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. बराकींना गुण द्यायची नवी पद्धत आली, तेव्हा जेलरसाहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला होता. "मास्तर, कैद्यांची एकूण एक तक्रार लिहा. मी आहे ना पाठीशी!"

मास्तरांनी गळक्या नळापासून ढेकणांपर्यंत एकेचाळीस तक्रारी लिहिल्या. शेजारच्या बराकीतल्या पैलवान शिपायाने तक्रारपेटीची किल्लीच हरवली होती. त्याच्या तक्रारी शून्य.

निकालात पैलवान पहिला आला आणि मास्तरांना मेमो मिळाला: "तुमच्याच बराकीत एवढा असंतोष का?" खाली सही साहेबांची.

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात..."

"अहो, लिहा म्हणालो. इतकं लिहा असं कुठे म्हणालो?" साहेबांनी फाईलवरून नजर उचलली नाही.

वीस वर्षांत कैद्यांनीही मास्तरांना पुष्कळदा फसवलं होतं. पण खांद्यावर हात ठेवून नाही.

बराकीत म्हातारा कैदी वाटच बघत होता. "मास्तर, पाणी पुन्हा गेलंय. लिहिताय ना?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं. "आजोबा, माझ्या बाटलीतलं प्या. लिहायला मात्र सांगू नका."